खानावळ कोणाची

१२ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. वहिनीने खानावळीच्या पाटीला नवा रंग दिलाय, जरा भडकच झालाय. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये तुमचे मोबाइल जमा करून घेतात, म्हणून हे पत्र तिथे माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरकाकांकडे देतेय. गुरुवारच्या मुलाखतीआधी वाच. नक्की वाच.

माझी भाड्याची खोली चांगली आहे. पण मला इथे राहवत नाही रे. तू म्हणाला होतास, "खानावळ तुझ्या नावावर, पत्ता वेगळा, मग मालकांचं रेस्टॉरंट विकत घ्यायला मी मोकळा. कोण बघायला येतंय?" आई म्हणाली, "पोरीला पदवीपर्यंत शिकवलं ते सही करायलाच की!" सगळे हसलो. मीसुद्धा.

ज्या कंपनीच्या नावाने ते रेस्टॉरंट चालतं, तिच्या अर्जातला तो प्रश्न मीच मोठ्याने वाचला होता. विकत घेणाऱ्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा खाण्यापिण्याचा दुसरा धंदा आहे का? तू म्हणालास, "नाही लिही." मी लिहिलं.

काल कंपनीच्या बाई आल्या. खोलीवर नाही, चौकशी करत थेट खानावळीत. मालकीण म्हणून मला बोलावून घेतलं. त्यांनी साधंच विचारलं, "पीठ कोणाकडून घेता?" मला माहीत नव्हतं. "गॅसची टाकी किती दिवस जाते?" तेही नाही. तेवढ्यात चुलीजवळून आई ओरडली, "अगं, ते दादाला विचार! सगळं तोच बघतो ना!"

बाई म्हणाल्या, "म्हणजे भाऊ अधूनमधून मदत करतात?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं दादा. मला शब्द अगदी तोंडात दिला होता त्यांनी.

मी म्हणाले, "नाही. खानावळ त्याचीच आहे. अर्जात खोटं लिहिलंय आणि ते मी लिहिलंय."

बाई गेल्यावर आई माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटत बसली. वहिनीने विचारलं, "पदवी घेतलीस ती ह्यासाठी?"

दुसरा धंदा असला म्हणून लगेच नकार देत नाहीत, असं बाईंनी सांगितलं. निर्णयाआधी, अगदी मुलाखतीतही, उघड सांगितलं तर कंपनी लेखी परवानगी देते, किंवा दोन्हींतलं एक निवडायला लावते. लपवलं तर मात्र अर्ज कायमचा बाद. गुरुवारी तोच प्रश्न तुला विचारणार आहेत. माझ्याकडून लिहून घेतलेला जबाब त्यांच्या टेबलावर असेल. "मी दादाला कळवणार आहे," असं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कळवा. पण उत्तर त्यांनीच द्यायचंय."

अकरा वर्षं तू त्या रेस्टॉरंटच्या भटारखान्यात राबलास. मालकांनी दुसरं गिऱ्हाईक परत पाठवून तुझ्यासाठी ते ठेवलंय. हातचं गेलं तर माझ्यामुळे गेलं असं चारचौघांत म्हण, मी मान खाली घालून ऐकेन. पण तिथे 'नाही' म्हणू नकोस.

गुरुवारी तू बाहेर येशील तेव्हा मी ट्रेनिंगच्या फाटकापाशी उभी असेन. बोलला नाहीस तरी तुझ्या मागोमाग घरापर्यंत येईन.

जिच्यावर तू सगळ्यांत जास्त विश्वास टाकलास ती,
तुझी धाकटी