वाट्यांच्या खेळातला दुसरा गडी

सुरेशच्या आईस,

परवा कोजागिरी झाली. तुझं वर्षश्राद्ध उरकल्यानंतरची ही पहिलीच. त्या रात्री गच्चीवर एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मला तुला इतकं काही विचारायचं आहे की धड झोप लागत नाही. म्हणून लिहायला बसलो. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, हे तुला माहीत आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

शेवटच्या आजारपणात मी तुला विचारलं होतं, "इथं तुझं मन रमलं का गं?" तू डोळे न उघडताच म्हणालीस, "रमलं की." मला ते खरं वाटलं नाही. माझं समाधान व्हावं म्हणून म्हणालीस, असंच मी धरून चाललो. तू गेल्यापासून दुसरा विचार नाही. इतकी वर्षं या घरात तुझं म्हणून कोणी होतं का? मला तर बोलायला शब्द सापडत नसत. आणि आईचं आणि तुझं कसं होतं, ते मी डोळ्यांनी बघत होतो. आई टोचून बोलायची, तू मान खाली घालायचीस. मी शेतातून आलो की घरात सामसूम. दोघींच्या मध्ये मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा, आणि आपलं विचारायचं, "काय झालं?" दोघीही म्हणायच्या, "काई न्हाई."

आता परवाचं सांगतो. तुझा दीर बापू पिंगळीहून आला होता. रात्री परत कसा जाणार ही मला दुपारपासूनच काळजी, पण तो राहायच्या तयारीनं आला होता. गच्चीला कठडा अजून झालेला नाही. सुरेशची गौरी आता तुझ्या खांद्याएवढी झाली आहे, पण ती कडेला गेली की माझा जीव घाबरा होतो. शेवटी मी त्या बाजूला खाट आडवी टाकली. आपली सून म्हणाली, "मामा, ती रांगत न्हाई आता." वंदनाचं बोलणं तुला माहीतच आहे, थोडं आणि नेमकं. दुधात जायफळ जरा जास्त पडलं असं मला वाटतं. कोणी काही म्हणालं नाही.

दूध आटेपर्यंत काय करायचं, म्हणून सुरेशने मोबाईलवर हौजी काढली. मोबाईलने आकडे सांगायचे, आपण खोडायचे. दोन डावांत गौरी कंटाळली. मला म्हणाली, "आबा, आजी वाट्यांचा खेळ करायची म्हणतात, तो काय होता?"

मग मीच सांगायला लागलो. जुन्या घराच्या माळवदावर सात वाट्या रांगेत पालथ्या मांडायच्या. तू जिन्यानं खाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचीस. वर एकाने गुपचूप एका वाटीला बोट लावायचं. मग तुला हाक. तू सावकाश वर यायचीस, पदर सारखा करायचीस, वाट्यांवरून हात फिरवायचीस आणि नेमकी तीच वाटी उचलायचीस. डोळे बांधले तरी तेच. मी चांगलं उपरणं दुहेरी करून बांधलं होतं, आठवतं का?

वर कोणीतरी फितूर आहे, तोच खुणा करतो, एवढं मला कळत होतं. माझा संशय बापूवर. दीर-भावजयीचं चांगलं जमायचं. एका वर्षी तर ऐन खेळात मी त्याला साखर आणायला दुकानात पिटाळलं. तो खाली उतरून गल्लीच्या टोकाला गेल्यावरच वाटीला बोट लावू दिलं. तू वर आलीस आणि तिसरी वाटी उचलून माझ्या हातात दिलीस. मी गार झालो.

दुसऱ्या दिवशी शेजारची लक्ष्मीबाई आली. तिची नाकातली मोरणी हरवली होती आणि ती तुला शोधून दे म्हणत होती. मला घाम फुटला. आता गावात नको ते नाव निघेल, ही करणी जाणते म्हणतील. तेवढ्यात कोपऱ्यातून आई बोलली, "तिला सोताच्या कुकरचं झाकण सापडत न्हाई, तुझी मोरणी काय सापडणार?" लक्ष्मीबाई गेली, पण मला फार लागलं. परक्या बाईसमोर सुनेचा असा पाणउतारा? तू चुलीकडे तोंड फिरवलंस आणि तुझे खांदे हलायला लागले. मी आत येऊन विचारलं, "रडायलीस का?" आईनं मला हाकललं. "जा तू रानात, इथं काय काम तुझं?"

हे सगळं सांगून झाल्यावर मी बापूला म्हणालो, "आता ती बी गेली. आता तरी कबूल हो. खुणा तूच करायचास ना?"

बापूने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी? दादा, मला तर वाटायचं तूच हाईस. नवरा-बायकोचा डाव हाय, आपण कशाला मोडायचा, म्हणून मी कदी बोललो न्हाई."

"मग मी तुला साखरेला कशाला धाडलं?"

"मी लय निरखून बघायलोय म्हणून मला काढून दिलंस, असंच वाटलं मला."

सुरेशला हसून हसून ठसका लागला. आम्ही दोघे म्हातारे मात्र एकमेकांकडे बघत बसलो. तो नाही, मीही नाही, मग कोण?

गौरीला चेव आला. तिने आम्हाला उठवून जुन्या जागांवर बसवलं. "आबा इथं. बापू आजोबा तिथं. पणजी कुठं बसायची?"

"जिन्याच्या तोंडाशी," मी म्हणालो. "सुपारी कातरत."

"रोज कातरायची?"

"रोज कुठली," बापू म्हणाला. "दात कुठं होते तिला? पान बी कुटून द्यावं लागायचं." आणि तो बोलता बोलता थांबला. मग हळूच म्हणाला, "दादा, कोजागिरीची कातरलेली सुपारी दुसऱ्या दिवशी मीच पिंगळीला न्यायचो. आई म्हणायची, ने तू, मला काय करायची."

वंदना दूध ढवळत होती. तिने वर न बघता विचारलं, "मामा, खेळ बंद कधी पडला?"

"आई गेली त्या वर्षी. सुतकामुळं."

"आन् पुढच्या वर्षी?"

पुढच्या वर्षी तू म्हणाली होतीस, "आता ध्यान लागत न्हाई." हे मी सांगितलं, आणि सांगतानाच माझं मला कळलं.

गौरी सात वाट्या मांडून खाली जाऊन बसली. सुरेशने एका वाटीला बोट लावलं. वंदनाने फडताळातला आईचा अडकित्ता आणून बापूच्या हातात दिला. गौरी जिना चढायला लागली तसं बापूने कातरायला सुरुवात केली. कट, कट, कट, कट, कट. मग थांबून त्याने हातातली सुपारी ताटलीत टाकली. गौरीने जिन्याकडून मोजत पाचवी वाटी उचलली. तीच होती. "आबा, एवढं सोपं?" ती म्हणाली. एवढं सोपं होतं, आणि आम्ही दोन भाऊ एकमेकांवर पाळत ठेवून बसलो होतो. आई सगळ्यांच्या देखत बसून सांगत होती आणि आवाज सगळ्यांनाच ऐकू जात होता.

आता मला सांग, हे ठरलं कधी? कोणी काढलं, तू की आईने? सराव कुठे केलात, चुलीपुढे वाट्या मांडून? मी रानात असताना? पहिल्यांदा जमलं तेव्हा काय केलंत? चुकलं असतं तर कोण कोणाला बोललं असतं? आई खळखळून हसताना कशी दिसायची, ते मला काही केल्या आठवत नाही. तू पाहिलं असशील ना? आणि लक्ष्मीबाई आली होती तेव्हा चुलीपुढे तू रडत नव्हतीस, होय ना?

सगळ्यात मोठं कोडं हे, की मग माझ्यासमोर दोघी बोलत का नव्हतात? हे मी काल सकाळी वंदनालाच विचारलं. ती भाकरी थापत होती, गौरी शेजारी बसून काहीतरी सांगत होती, आणि मी दारात आलो तशी गौरी गप्प झाली.

वंदना म्हणाली, "मामा, राग येऊ देऊ नका. तुमी सयपाकघरात आलाव की आमी बी गप बसतो."

"का?"

"तुमी लगेच विचारता, काय झालं, काय झालं. काई झालेलं नसतं. सांगायचं काय मग?"

मी म्हणालो, "पण आई टोचून बोलायची, ते मी कानांनी ऐकलंय."

"बोलत असतील की. भांडण बी होत असंल. भांडलं म्हणून खेळू न्हाई का?"

मी ओसरीवर येऊन बसलो. म्हणजे तुमच्या दोघींचं जे काही होतं, ते मी घरात नसताना होतं. मी आलो की ते थांबायचं, आणि जे थांबलेलं दिसायचं त्यालाच मी तुमचा संसार समजत होतो.

तुझ्यावर थोडा राग आहे, तोही सांगतो. आई गेल्यावर तरी मला सांगायचं होतंस. तेव्हा गावभरची माणसं माझं सांत्वन करायला यायची. मी पुढे बसायचो, तू आत चहा करत असायचीस. तुझी जोडीदारीण गेली, हे त्या गर्दीत कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. तुझ्याजवळ कोणी बसलं नाही. आणि पुढच्या कोजागिरीला ध्यान लागत नाही म्हणालीस, तर मी तुला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तू मुकाट्यानं बसमध्ये बसलीस. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे, आणि मी खूश होऊन तुला उसाचा रस पाजला. त्या दिवशी तुझ्या मनात काय चाललं होतं?

पण "रमलं की" म्हणालीस, ते मला आता खरं वाटतं. सगळं रमलं असेल असं नाही. पण वर्षातून एक रात्र सगळ्या घराला फसवायला जोडीला माणूस होतं, म्हणजे बाकीच्या दिवसांतही काही ना काही असणार. ते काय होतं, हे मला कळणार नाही. नाही कळलं तरी चालेल. काल रात्री थोडी झोप लागली.

तुला एक शब्द देतो. यापुढे स्वयंपाकघरात हसणं ऐकू आलं, किंवा एकदम सामसूम वाटली, तरी मी आत डोकावणार नाही आणि काय झालं म्हणून विचारणार नाही. मला जमेल की नाही याची धास्ती आहेच. म्हणून आज सकाळीच वंदनाला सांगून पाण्याचा माठ ओसरीवर आणून घेतला आहे.

तुझाच,
सुरेशचे वडील
झरी