अर्धी पुसलेली काच

सालातिगा,
रुवाह महिना, पहिला आठवडा

प्रिय सेकार,

तीन आठवड्यांपूर्वी तुझा निरोप आला, "मावशी, शिवणकारखान्याने आम्हा चाळीस जणींना घरी बसवलंय. मला तुझ्या काचा पुसायच्या कामात घे. नाहीतर एजंट मागे लागलाच आहे, मीही सिंगापूरला जाते." मी उत्तर दिलं नाही, नंतर तुझा फोनही उचलला नाही. मावशीने चार खिडक्या काय पुसल्या, आता ओळख द्यायलाही तयार नाही, असं तुला वाटलं असेल. तसं नाही गं. फोनवर माझी जीभ वाटेल तशी वळते, आणि या वेळी मला ती वळायला नको आहे. म्हणून वहीची पानं फाडून लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस, अकरा वर्षं परक्याची भांडी घासलेल्या हाताचं अक्षर आहे ते.

आधी कामाचं सांगते, कारण तू तेच विचारलंयस. मी सुरुवात केली ती एक बादली, दोन वायपर, भांडी घासायचा साबण आणि भावाची जुनी मोटारसायकल एवढ्यावर. सगळ्यात पहिल्यांदा गेले ते हार्तोयो चष्मेवाल्याकडे. म्हटलं, याचं सगळं पोट काचेवर, याला तरी कळेल. तो काउंटरमागून म्हणाला, "काच पुसायचे पैसे? बाई, पाऊस फुकट पुसतो की!" मी म्हटलं, मग पाऊसच चष्मेही विकून जाईल, तुम्ही घरी झोपा. बाजूचे दोघे हसले, तोही हसला, आणि मला एक काच पुसायला दिली. पुसली. दुपारी ऊन फिरलं आणि त्या काचेवर साबणाचे असे ओघळ दिसायला लागले की त्याने मला परत बोलावून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक ओघळ बोटाने दाखवला. भर उन्हात काच पुसू नये, पाणी ओढायच्या आत वाळतं, हे मी त्या दिवशी शिकले. आता आम्ही सावली बघून काम करतो. सकाळी रस्त्याच्या एका बाजूची दुकानं, दुपारनंतर दुसऱ्या बाजूची.

दुसऱ्या चुकीने तर धंदाच बुडवला असता. एका नव्या दवाखान्याच्या काचांवर सिमेंटचे शिंतोडे होते. मी आपली पातं घेऊन कोरडंच खरवडायला बसले. शिंतोडे गेले आणि काचेवर मांजराने नखं मारावीत तसे ओरखडे राहिले. सगळी काच बदलून द्यावी लागली. सुप्री तेव्हा नुकतीच माझ्याबरोबर आली होती. ही धुणं धुणारी विधवा बाई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आडव्या बांध्याची, आणि तोंडाने माझ्या दुप्पट. ती म्हणाली, "वार्तिनी, आपण काचा पुसायला आलो की मोडायला, ते एकदा ठरव." तिच्यामुळेच टिकले मी. आज आमच्याकडे सतरा दुकानं आहेत, एक बँक आहे, दोन शाळा आहेत. ईदच्या आधीचे पंधरा दिवस तर जेवायला सवड नसते.

पण आमच्याकडून कामं सुटतातही, आणि ती का सुटतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा एक नियम आहे. खिडकीबाहेर पाय नाही, बूड नाही, डोकं नाही. खाली जमिनीवर उभं राहून लांब दांड्याने जितकं पोचेल तितकंच पुसायचं. दांडा दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो. त्याच्या वरचं काम आलं की मी हात जोडते. लोक चिडवतात. "सिंगापूरला आभाळाला टेकलेल्या घरात राहून आली आणि तिसऱ्या मजल्याला घाबरते!" मी हसून म्हणते, चक्कर येते हो मला. मला कधीच चक्कर येत नाही, सेकार. ते खोटं आहे, आणि माझ्या खोट्यातलं सगळ्यात लहान आहे.

गेल्या महिन्यात मुलांच्या शिकवणीची एक तीन मजली इमारत मिळाली. उद्घाटनाला कुणी मोठे साहेब यायचे होते. तिथला व्यवस्थापक सकाळपासून मागे लागला होता, वरच्या काचा बाहेरून पुसा, खालून डाग दिसतात. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग सगळंच काम दुसऱ्याला देतो. मी म्हटलं, द्या. मी खाली दांडा जोडत होते आणि सहज वर बघितलं, तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत सुप्री. चौकटीवर बसलेली, पाठ रस्त्याकडे, गुडघे आत अडकवलेले, आणि वरून खाली काच ओढत होती. मला बघून तिने वायपर हलवला. तिला वाटलं होतं, काम वाचवलं की मला आनंद होईल.

मी जिना कशी चढले ते मला आठवत नाही. आतून तिला कमरेत मिठी मारली आणि आत ओढलं. दोघी फरशीवर आपटलो. मग मी तिच्या थोबाडीत मारली. माझ्याहून मोठी बाई ती. तिचा डोक्याचा रुमाल सुटला होता, गाल लाल झाला होता आणि ती ओरडली, "वेड लागलं का तुला? तूच तर सांगितलंस, अकराव्या मजल्यावर अशीच बसायचे म्हणून! पायाची बोटं कपाटाखाली अडकवायची, मग वाराही ढकलू शकत नाही, हे कुणाचं बोलणं?" माझंच होतं. चहा पिताना कधीतरी फुशारकीने सांगितलं होतं. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोण पडलं होतं गं?" तेरा वर्षांत मला हे विचारणारी ती पहिलीच. मी तिला सगळं सांगितलं. काम तर गेलंच. संध्याकाळी घरी आले तर फोनवर तुझा निरोप. सुप्रीला दाखवला तर ती म्हणाली, "त्या पोरीला लिही. नाही लिहिलंस तर मी उद्यापासून येणार नाही."

सेकार, खिडकीच्या चौकटीवर बसायची ती पद्धत मीच तुझ्या आईला शिकवली होती.

मी तिच्या दोन वर्षं आधी सिंगापूरला पोचले होते. कास्मी आली ती आमच्याच मजल्यावर. इमारत काटकोनात वळलेली होती, त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्या मॅडमची खोली समोरासमोर. आपल्या भागातली बाई दिसल्यावर मला रडूच आलं होतं. रविवारची सुट्टी आम्हा दोघींनाही नव्हती, पण खिडकी होती. मिरच्या निवडताना, कपडे बांबूवर घालताना आम्ही बोलायचो. ती तुझे सगळे पराक्रम सांगायची. तू शेजाऱ्याच्या बदकाला शाळेत नेलंस, तू भात सांडून तळलेलं तेंपेच तेवढं खाल्लंस. तिच्या मॅडमने पहिल्यांदा बाहेरून काचा पुसायला सांगितल्या तेव्हा ती खिडकीजवळ जाईना. मी समोरून माझ्या खिडकीत बसून दाखवलं, "अशी बस. बघ, काही होत नाही." मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

त्यांचं चिनी नववर्ष चार दिवसांवर होतं. त्याच्या आधी तिथे घराघरात सगळं घासून काढतात आणि सणाच्या दिवशी झाडूला हातही लावत नाहीत. पाहुणे येणार म्हणून तिच्या मॅडमने सकाळीच सांगितलं होतं, आज सगळ्या काचा बाहेरून चकचकीत हव्यात. मी हे माझ्या कानांनी ऐकलं. कास्मी चौकटीवर बसली. वरून खाली, एकेक पट्टा, प्रत्येक पट्ट्यानंतर रबर पुसून, अगदी नीट. तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं. आमचं बोलणं चालू होतं. अर्धी काच झाली, खालच्या अर्ध्यावर फेस होता. ती जरा मागे सरकली, वरचा कोपरा राहिला होता तो बघायला, आणि तिचा पाय कपाटाखालून सुटला. बस. ती ओरडलीसुद्धा नाही. मी खिडकीत उभी होते, हातात मिरची होती.

मग तिची मॅडम खिडकीशी आली. तिने खाली बघितलं. आणि मग, सेकार, तिने हात बाहेर काढून तो खालचा फेस पुसून टाकला. त्या बाईने त्या घरात कधी कपभर पाणी स्वतः घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने काच पुसली, बादली उचलून आत नेली, आणि तेव्हा तिची नजर वर आली. आम्ही एकमेकींना बघितलं. तिने पडदा ओढला.

दुपारी चौकशीला पोलिसांचे साहेब आले. त्यांच्या आधी माझी मॅडम स्वयंपाकघरात आली होती. चांगली बाई होती ती, कधी हात उचलला नाही. ती म्हणाली, "वार्तिनी, तू काही बघितलं असशील तर सांग. पण मग खटला संपेपर्यंत तुला निवाऱ्यात ठेवतील, काम करता येणार नाही, आणि मला दुसरी बाई घ्यावी लागेल." इथे माझ्या घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. मुलगा आईकडे. मी साहेबांना सांगितलं, मी भाजी चिरत होते, मला काही दिसलं नाही. त्यांनी विचारलं, ती उदास असायची का? मी म्हटलं, हो, मुलीच्या आठवणीने कधीकधी रडायची. एवढं एकच खरं बोलले मी, आणि तेच कागदावर चढलं. तिची मॅडम आधीच म्हणाली होती, की बाई मनाने खचली होती. माझ्या बोलण्याने ते पक्कं झालं. कास्मीने स्वतःहून उडी मारली, असं ठरलं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पेटी गावात आली तेव्हा गावच्या धर्मगुरूंनी, कियाईंनी, स्वतः नमाज पढवायला नकार दिला, दुसऱ्या कुणालातरी पुढे केलं. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला तुझ्या आजीने भात शिजवला, कुणी आलं नाही, आणि तो कोंबड्यांना घालावा लागला. शाळेत तुला काय म्हणायचे ते तूच मला सांगितलंस. तू बारा वर्षांची होतीस, मी ईदला कापड घेऊन आले होते, आणि तू म्हणालीस, "मावशी, आईला माझी आठवण यायची, मग ती घरी का नाही आली? खाली का गेली?" मी तुझ्या हातात कापड दिलं आणि बस चुकेल म्हणून निघाले. बस तासाभराने होती. थांब्यावर बसून राहिले. दर रुवाहमध्ये, रमजानच्या आधी, न्याद्रानला सगळा गाव आपापल्यांच्या थडग्यांवरचं गवत काढायला जातो आणि तू घरात दार लावून बसतेस, हेही मला तुझ्या आजीने सांगितलंय. मी गेली कित्येक वर्षं लोक जायच्या आधी पहाटे येऊन ते गवत काढून जाते. मला वाटायचं, एवढ्याने भागेल. माझ्या घराला आता छप्पर आहे, चार मोठ्या खिडक्या आहेत, आणि त्या मी कधीच पुसत नाही. सुप्री म्हणते, काचवालीचं घर आणि काचा बघा.

हे सगळं आत्ता लिहिलं, कारण येत्या शुक्रवारी न्याद्रानला मी पहाटे येऊन पळून जाणार नाही. कब्रस्तानात सगळा गाव एकत्र जेवायला बसतो तेव्हा कियाईंसमोर, सगळ्यांसमोर मी हेच बोलणार आहे. नंतर लोक मला जे म्हणायचं ते म्हणोत, सतरा दुकानं राहोत की जावोत. पण गावाच्या आधी तुझ्या कानावर जायला हवं होतं. सिंगापूरला जायचं असेल तर हे वाचून जा. माझ्याकडे यायचं असेल तर जागा आहे, सुप्री तुझी वाट बघते आहे, आणि मला तोंड दाखवायचं नसेल तर मी समोर येणार नाही. माफी मागत नाही, ती मागायलाही काही हक्क लागतो. फक्त शेवटचं एक राहिलं, ते मी साहेबांनाही सांगितलं नाही आणि आजवर कुणालाच नाही. चौकटीवर बसून तुझी आई मला काय सांगत होती ते. तुझा पहिला दात पडला होता, खालचा. खालचा म्हणजे छपरावर टाकायचा, नाहीतर नवा वाकडा येतो, आणि तुझी आजी विसरभोळी. "मॅडमकडून रविवारसाठी फोन मागून घेतलाय," ती म्हणाली, "सेकारलाच विचारते, दात छपरावर टाकला का."

तुझी म्हणवून घ्यायची हिंमत नसलेली,
वार्तिनी