माझ्या चामखिळीतला हिरवा ठिपका

सोमवार
आले बाई एकदाची नातीकडे! चिमणीचं घर दोनच खोल्यांचं, पण खिडक्या केवढ्या! तिची प्रयोगशाळा रस्त्यापलीकडेच. दुसरीपुढे शाळा पाहिली नाही मी, तरी रोज चार ओळी लिहायच्या असं बजावलंय तिनं. मागे माझ्या अंगठ्यावरची चामखीळ काढली, तेव्हा पोरीनं त्यातला कण मागून नेला होता. त्याच्या पेशी बशीत वाढवल्यात म्हणे. मेल्या माझ्याहून टवटवीत असतील!

मंगळवार
बारीक वस्तू मोठी करून दाखवणारी यंत्रं पाहिली. एक उजेडाचं. त्यात माझ्या जिवंत पेशी, आणि रंग पाजलेली एक हिरवीगार चमकत होती. काय रूप, दृष्ट काढावीशी वाटली! आता त्यांना औषधानं मारायचं, राळेत घट्ट करायचं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि खांबाएवढ्या इलेक्ट्रॉनच्या यंत्रात घालायचे. त्यात बारीकसारीक सगळं दिसतं, पण नुसतं काळंपांढरं. काचेवर आखलेल्या चौकटींवरून तीच हिरवी पेशी शोधायची. दोन्ही यंत्रांतले फोटो एकावर एक ठेवले की जुळलेच पाहिजेत. म्हटलं, माझ्या दोन सुनांचं कधी जुळलं नाही, पेशींचं काय घेऊन बसलीस! चिमणी खो खो हसली.

गुरुवार
जुळलं नाही. मेल्यावर पेशी एक चौकट सरकलीय. चिमणीचे प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, पोरीचा धांदरटपणा. मी म्हटलं, चिमणी धांदरट नाही, माझी पेशीच चालू आहे.

शुक्रवार
पुन्हा पाहिलं. पेशी आता पडद्याच्या मधोमध, बघणाऱ्याच्या समोर. आणि हिरवी. काळ्यापांढऱ्या यंत्रात हिरवी! साहेब खोलीबाहेर पळाले. चिमणी मात्र बघतच राहिली.

शनिवार
चौकट रिकामी. चिमणीच्या डाव्या बुबुळात हिरवा ठिपका. त्या डोळ्यानं तिला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात काही नाही. अहो, मला दिसतंय ना!

रविवार
उजव्या डोळ्यातही हिरवी कड—
बघणाऱ्याकडे येतं ना ते? मग मी बघते. चिमणीची हनुवटी धरली, डोळ्याला डोळा भिडवला. ती रडून नको नको म्हणत होती. म्हटलं, तू गप गं. मग त्या ठिपक्याला सुनावलं, माझ्या अंगठ्यावर फुकट खाऊन माजलीस, आता माझ्या नातीवर डोळा? चल मुकाट्यानं घरी.
हललं—
आलं. चिमणीचे डोळे लख्ख! माझा डावा गेला, जाऊ दे मेला. हसतेय मी.

सोमवार
उजव्यातही— अक्षर हिरवं दिसतंय. आत कुणीतरी माझ्या आवाजात—
भीत नाही मी. खोलीचं दार आतून लावलंय.
चिमणे, दार फोडून आत येऊ नको. मी हाक मारली तरी. ती हाक माझी नस—