आधी आज्जीचे दात, मग आरूचे

सोम. ३ नोव्हेंबर
सकाळी सकाळीच उगवल्या शकूवन्स, माझ्या नणंदबाई. सुप्याहून. चहाचं आधन बी ठेवलं नव्हतं. मागनं त्यांची सून, कडेवर तीन वर्सांचा नातू. वन्सची साडी नवी, मोरपंखी. शोभत न्हाई, पन सांगायचं कुनी. हातात पिशवी. गोळ्या, क्रीमची बिस्किटं, चिक्की. लेकुरवाळ्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं ना. आमची नात आरू, पहिलीतली, झेप घेऊनच आली. मी पिशवी उचलून फळीवर ठेवली.
"वहिनी, पोरीसाठी आनलंय, तुमच्यासाठी न्हाई."
म्हनलं, दोन दाढा किडल्यात तिच्या. आत्ताच नगरला बुजवल्यात. आनखी कीड लागली तर काढावी लागंल म्हनली डॉक्टरीनबाई.
"दुधाचे दात. पडनारच की!"
"दाढा लई वर्सं राहायच्यात, वन्स. दुखल्यावर ही रडती माझ्याजवळ. तुमी सुप्यात घोरत असता."
बोलून गेले. वन्स उठल्याच. करंडा घेऊन बाहेर येस्तवर जीप रस्त्याला. कुंकू न लावता गेल्या. मालक म्हनले, बहीन तोडलीस माझी.
न्हाई तोडली. बघू.

गुरु. ६ नोव्हें.
आरू लबाड. ब्रश नुसता ओला करून ठेवती. "हा कर" म्हनलं, तर बिस्किटाचा वास! मग युक्ती काढली. जेवनं झाली की पायरीवर बसायचं. आधी ती माझे घासनार, माझ्या ब्रशनं. मग मी तिचे, तिच्या ब्रशनं. वाटाण्याएवढी पेस्ट.
"आज्जे, आ कर. मोठा. हलू नको, थोडेच हायेत, सांडतील."
लई दमात घेती. सूनबाई हसून हसून भिंतीला टेकली. नंतर काय खायचं न्हाई, फक्त पानी. सकाळी बी तसंच.
पिशवीतलं फेकलं न्हाई. रविवारी जेवनावर एक गोळी, लगेच चूळ.
वन्सचा फोन न्हाई.

बुध. २६ नोव्हें.
नगरला दाखवून आनली. डॉक्टरीनबाईंनी बॅटरी लावून कोपरा न् कोपरा बघितला. माझा जीव टांगलेला. नवी कीड न्हाई!! बुजवलेल्या दाढा बी घट्ट.
"कोण घासतं हिचे?"
आरू म्हनली, "आज्जी. आन् आज्जीचे मी."
बाई माझंच तोंड बघायला लागल्या. मी बी आ केला. लाज कसली! एस्टीत सगळ्यांना सांगितलं, कंडक्टरला बी. त्यानं त्याच्या दाढेची कथा काढली, मिरजगाव आलं तरी संपेना.
वन्सला सांगावं वाटलं, पन...

रवि. ३० नोव्हें.
वन्स आल्या! एकट्या. पिशवी आरूनंच उघडली. पेरू, गाजरं. तळाशी गोळ्यांची पुडी.
"आन् ही हो, वन्स?"
"ती माझी हाय, वहिनी. गाडीत मळमळतं मला."
आरूच्या वर लबाड!
मग हळूच म्हनल्या, नातू एकाच बाजूनं चावतोय. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपतो. "तुमी बघता का?"
म्हनलं, मी काय बघनार, दाढ डॉक्टरीनबाईंनाच दाखवू. घासायला पायरी मात्र आपली.
संध्याकाळी आरूनं माझे घासून दाखवले. वन्स टक लावून बघत होत्या. "माझे बी घासशील का गं?"
"ब्रश आना तुमचा," आरू म्हनली.
जाताना कुंकू लावलं, ठसठशीत. मालक दारातच उभे. आता बोला म्हनावं!
सुप्याचं पोरगं ब्रश बघितला की ओठच मिटून घेतंय म्हनं. उघडतंय का न्हाई कुनास ठाऊक. शनिवारी येते म्हनल्यात वन्स, त्याला घेऊन.