उपासाची भाकरी

ती. आत्याबाईंना,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, हे पत्र टाकणार कुठे? तरी लिहिते.

सानपाड्याच्या या घरात मी बी.ए. होऊन तुमची सून म्हणून आले, तेव्हा आईनं एकच शिकवून पाठवलं होतं, नवऱ्याला नाही म्हणायचं नसतं. सकाळी माझा उतरलेला चेहरा पाहिला की तुम्ही लेकाला ऐकवायचात, "सूनबाईचा उपास हाय. आज ती माझ्यापाशी निजंल." मला उपासतापासाची चीड. "मी असलं मानत नाही," मी तोंडावर म्हटलं. तेव्हा तुम्ही पदराखालून गरम भाकरी आणि ठेचा काढलात. "खा गुमान. ह्यो उपास पोटाचा न्हाय." तुमचे लेक हौसेराव माझं 'नाही' ऐकत नसत, देवाला मात्र वचकायचे.

आज चहा गाळताना माझ्या सुनेचा, तेजश्रीचा, तोच चेहरा दिसला. मी विचारलं, तिनं सांगितलं. तुमचा तो उपास अगदी ओठांवर आला होता. पण मी यशराजला समोर बसवून म्हटलं, "ती नाही म्हणाली, तर नाही."

"आई, ती माझी बायको आहे."

"म्हणूनच ऐकायचं. ते जमेपर्यंत ती माझ्या खोलीत झोपेल."

तो दार आपटून कामाला गेला. तेजश्री रडली. मग तिला मी भाकरी वाढली, टेबलावर, उघड उघड.

ठेचा मात्र तुमच्यासारखा जमला नाही.

तुमची,
उज्वला