बिनमाशांची टाकी

१२ मार्च
दवाखाना, दुपारचे दोन

लाडक्या चिंगे,

तू बरी आहेस ना, तुझे अहो बरे आहेत ना, हे सगळं विचारून झालं असं समज, कारण मला दम नाही. आमच्या दवाखान्यात चार फुटी काचेची टाकी आलीये! दात काढायला आलेली माणसं मासे बघत बसली तर आतल्या यंत्राची घरघर विसरतील, असं डॉक्टरीणबाईंच्या मनाने घेतलं. आणि ते काम कुणाच्या गळ्यात? बाहेर बसून नंबर पुकारणाऱ्या तुझ्या ताईच्या. हसू नकोस.

मी उत्साहाने यादीच करून नेली. एक गोल्डफिश, दोन एंजल, एक निळा फायटर, भरपूर गप्पी आणि ते चमकणारे निऑन. मासेवाले काका यादी वाचून इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "बाई, ही टाकी नाही, आखाडा आहे!" गोल्डफिशला गार पाणी लागतं आणि बाकीच्यांना कोमट, वर तो झाडं कुरतडतो. गप्पींच्या लांब शेपट्या दिसल्या की फायटरचं डोकं फिरतं. एंजल लहानपणी साळसूद, पण मोठा झाला की निऑन गट्ट करतो. मग काकांनी लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखी चौकशी केली. पाणी जड की हलकं, ऊन कुठून येतं, सुट्टीत खायला कोण घालणार. आमचं पाणी जड निघालं, बादलीला पांढरे डाग पडतात ना, तसलं. म्हणून ठरलं, गप्पी, प्लॅटी आणि तळाला कोरी. कोरी म्हणजे मिशावाले बुटके मासे, दिवसभर वाळूत नाक खुपसून फिरतात. मी म्हटलं, दोनच द्या. काका तडकले. "एकटेदुकटे झुरतात ते. सहा न्या, नाहीतर नेऊच नका."

झाडांचं तर विचारूच नकोस. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरियाचं उंच गवत, पुढे लाकडावर अॅनुबियस. ते मी शहाणीने आधी कुंडीत लावावं तसं वाळूत खोल पुरलं. त्याचं जाड खोड पुरलं तर कुजतं म्हणे! फोटो पाहून काकांनी कपाळाला हात लावला. मग खांद्यापर्यंत हात बुडवून उपटलं आणि काळ्या दोऱ्याने लाकडाला बांधलं. आता त्याला नखाएवढं नवं पान आलंय. सकाळी पर्स ठेवायच्या आधी मी ते बघून येते.

पण खरी गंमत पुढे आहे. टाकीत अजून एकही मासा नाही! चार आठवडे झाले, फिल्टर चालू आहे आणि मी रोज रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकते. परवा एका आजोबांनी कवळी हातात धरून हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला दिसतात का मासे?" काय सांगू त्यांना? ते खाणं कुजतं, त्यातून पाण्यात विष होतं, आणि ते विष पचवणारे बारीक जंतू फिल्टरच्या स्पंजात वाढायला महिना जातो. ते आले की मगच मासे. काल पाणी तपासायच्या पट्टीवर पहिल्यांदाच विषाचा रंग आला नाही. मी अशी ओरडले की आत डॉक्टरीणबाईंच्या हातून आरसा पडला!

हे सगळं मी भरभरून लिहितेय खरं, पण मूळ गोष्टीला बगल देत लिहितेय. तुला ते कळलंही असेल.

पहिल्याच दिवशी काकांनी बजावलं होतं, "स्पंज कधी नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा. टाकीचा सगळा जीव त्यातच असतो." मी विचारलं, "आणि उकळला तर?"

"उकळला तर आठवड्याभरात मासे गेले. का? कुणी उकळला?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

चिंगे, मी उकळला होता. तू दहा वर्षांची होतीस, मी पंधराची. तू शाळेच्या सहलीला गेली होतीस आणि घरी पाहुणे यायचे होते. तुझ्या टाकीच्या फिल्टरमधला तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज मला किळसवाणा वाटला. पातेल्यात घालून दोनदा उकळला, पिळला, नव्यासारखा पिवळा करून परत बसवला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. तुझे अकरा गप्पी वर येऊन तोंडं उघडायला लागले. एकेकाला तू काडेपेटीत घालून कुंडीत पुरलंस. बाबांनी विचारलं, "टाकीला कुणी हात लावला होता?" मी म्हटलं, "कुणी नाही." मग बाबा तुझ्याकडे बघून म्हणाले, "खायला जास्त घातलंस तूच. तुझ्या हाताला जीव टिकत नाही."

स्पंजामुळे झालं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, देवाशप्पथ. पण आपण काहीतरी केलंय, एवढं कळत होतं. बाबांच्या रागाला घाबरले आणि गप्प बसले. नंतर तू कुंडीत तुळससुद्धा लावली नाहीस, तरी गप्पच राहिले.

काकांकडून कळूनही मी महिनाभर तोंड उघडलं नाही. काल तुझ्या अहोंचा फोन आला. म्हणाले, त्या दोन वर्षांच्या पोरीला दत्तक घेऊन घरी आणायची सगळी कागदपत्रं तयार आहेत, ती तुझं बोट सोडत नाही, आणि तू मात्र शुक्रवारी संस्थेला नकार कळवणार आहेस. कारण विचारलं तर म्हणालीस, "माझ्या हाताला जीव टिकत नाही." बाबांचेच शब्द, जसेच्या तसे.

म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस आणि मी रडत बसले असते. अगं, तू नाही मारलेस ते मासे! तू मोजून खायला घालायचीस, वहीत लिहून ठेवायचीस. तुझ्या हाताला जीव टिकत होते, दीड वर्षं टिकले होते, मी पातेलं चुलीवर ठेवेपर्यंत! हे लिहिताना मला भीती वाटतेय आणि आनंदही होतोय, दोन्ही एकदम. माझ्यावर चीड, शिव्या घाल, वर्षभर बोलू नकोस. फक्त शुक्रवारी नकार देऊ नकोस.

आमचा स्पंज आता मस्त तपकिरी झालाय. मी त्याला बोटही लावलेलं नाही. काकांना सांगितलंय की मासे माझी बहीण निवडणार, तोवर थांबा. तू ये, आणि त्या पोरीला कडेवर घेऊन ये. पहिला मासा तिला बोटाने दाखवू दे. फक्त गोल्डफिश दाखवला तर तू समजूत काढ, मला जमणार नाही.

टाकीला हात लावला होता ती,
तुझी ताई