ग्लिगोर कुम झाला त्याची हकीकत

प्रिय स्पासिया मावशी,

तुझ्या उजव्या हाताला दुरूनच ओठ टेकवते. गुडघे कसे आहेत? अंगणात मिरच्या निवडायला जमिनीवर बसू नकोस. (तू ऐकणार नाहीस, निदान खाली काही घेऊन बस.)

इकडे आम्ही जिंकलो. कड्यावरच्या सोनेरी गरुडाचं पिल्लू उडालं. (पहिल्यांदा ते उडालं की पडलं याची शंका होती, म्हणून दुसऱ्यांदा उडेपर्यंत पत्र थांबवलं.) मारियोवोतल्या या घरट्यावर आमची पक्षी वाचवणारी मंडळी माझ्या जन्माआधीपासून नजर ठेवून आहेत. मागची मादी लांडग्यासाठी टाकलेलं विषारी मांस खाऊन मेली, तेव्हापासून कडा ओस होता. यंदा कुठे एक पिल्लू झालं, तर खालचा मेंढपाळ ग्लिगोर पुन्हा विष घालणार अशी बातमी आली. त्याला समजवायला मला पाठवलं. मी भाषण पाठ करून गेले. त्याच्या कुत्र्यांनी मला गोठ्याच्या छपरावर चढवलं, म्हणून ते तिथूनच म्हटलं. "बोल पोरी, बोल," ग्लिगोर खालून म्हणाला, "कुत्र्यांनाही जरा शहाणपण येऊ दे." विषाची पुडी मात्र कमरेच्या पट्ट्यातून काढेना. शेवटी त्याला खूश करायला मी बोलून गेले, की पिल्लू तुमच्याच डोंगरातलं, नाव तुम्हीच ठेवा. (आमच्या कामात पिल्लांना नावं देत नाहीत. हा गुन्हा मी वरिष्ठांना कळवला आहे.)

त्याची बायको दोस्ता दुधाची चरवी खाली ठेवून म्हणाली, "अगं बये, कुम केलंस की याला!" तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाप्तिस्म्याला बाळाचं नाव ठेवतो तो कुम. कुमपण नाकारता येत नाही, आणि कुमाने त्या घराचं वाईट केलं तर सात पिढ्या भोगतात, हे तू मला अक्षरांच्याही आधी शिकवलंस. ग्लिगोरलाही कुणा मावशीने शिकवलं असावं. बराच वेळ टोपी हातात फिरवून त्याने आईचं नाव ठेवलं, वेलिका, आणि विषाची पुडी वर माझ्याकडे फेकली. जन्मात पहिल्यांदा मी काही झेललं. (बाप्तिस्मा नसलेल्या पाखराला कुम चालतो का, ते पाद्रीबाबांना विचार. मोघमच विचार.)

पुढे मोठ्या गरुडाने ग्लिगोरचंच कोकरू उचलून घरट्यात नेलं. मी दुर्बिणीतून पाहिलं. लपवणं जमेना, म्हणून जाऊन सांगितलं. "कुमाने रिकाम्या हाताने जायचं असतं होय?" ग्लिगोर म्हणाला. "परस्पर नेलं, माझी चढण वाचली." वेलिका उडाली तेव्हा त्याने टोपी काढली होती. मी रडत होते, म्हणून ती उडाल्याची नोंदही त्याच्याच सांगण्यावरून केली.

तुझी,
रुमेना

ता. क. कुमाला भरतकामाचा सदरा द्यावा लागतो. गरुडांकडून ते होण्यासारखं नाही, आणि माझे टाके तुला ठाऊक आहेत. तूच शिव, त्याची छाती पिंपाएवढी धर.

ता. क. २. सदरा घरी बोलावून द्यायचा असतो. मी तंबूत राहते, म्हणून तुझा पत्ता दिला. देवमातेच्या सणाला ती दोघं येतील. सोबत त्याचा धाकटा भाऊही.

ता. क. ३. पलीकडच्या कड्यावर आणखी एक जोडी घरटं रचते आहे. तिथे हाच भाऊ मेंढ्या चारतो आणि त्याच्याकडेही पुडी आहे. तेव्हा त्याला पोटभर वाढ, आणि सदरे दोन शिव.